बारा फुटांचा घाट, सतरा दिवसांत

बुधवारी रात्री साडेनऊला फोन आला. डोंबिवलीतल्या एका वाचनालयाने छंदांचं प्रदर्शन भरवलं होतं. नाणी, तिकिटं, बोन्साय असा नेहमीचा मामला. त्यातल्या काडेपेट्या जमवणाऱ्या गृहस्थांनी ऐनवेळी अंग काढून घेतलं होतं. "तुमच्याकडे ती छोटी आगगाडी आहे ना? जागा बारा फूट बाय चार. टेबलं आमची. शनिवार-रविवार, सकाळी दहा ते रात्री आठ." मी हो म्हणून मोकळा झालो आणि फोन ठेवल्यावर कॅलेंडर बघितलं. सतरा दिवस, त्यातले सुट्टीचे चार.

माझी आगगाडी तोवर घराबाहेर पडलीच नव्हती. रविवारी दुपारी हॉलच्या फरशीवर मांडायची आणि संध्याकाळी केर काढायच्या आत उचलायची, एवढाच तिचा प्रवास. आता तिला वीस तास लोकांसमोर धावायचं होतं. मदतीला दोघं होते. एक शेजारचे काका, कारशेडमधून निवृत्त झालेले, विजेच्या कामात हात बसलेला. दुसरा माझा भाचा, अकरावीतला. त्याला रात्री एकपर्यंत जागायला निमित्तच हवं होतं.

छोटी रेल्वे म्हटलं की आपल्याकडे बहुतेकांच्या डोळ्यांसमोर पुण्याचं, कोथरूडमधलं जोशींचं लघुरेल्वे संग्रहालय येतं. १९९८ पासून ते कायमस्वरूपी उभं आहे. भाच्यालाही तेच हवं होतं: सिग्नल, उड्डाणपूल, रात्रीचे दिवे. पण तिथला एकही रूळ शुक्रवारी संध्याकाळी छोट्या हत्तीत चढत नाही आणि रविवारी रात्री उतरत नाही. आम्हाला हॉल शुक्रवारी सहाला मिळणार होता आणि दहाला वॉचमन कुलूप लावणार होता. म्हणजे चार तासांत उभं राहील आणि तासाभरात आवरेल, एवढंच करायचं होतं. त्या रात्री वहीत मी एकच नियम लिहिला आणि खाली दोन रेघा मारल्या: डोंगर रुळाला चिकटवायचा नाही. रूळ वेगळा, फळ्या वेगळ्या, डोंगर वेगळा. तेव्हा मनात फक्त सामान वाहायची सोय होती. त्या नियमाचा खरा उपयोग प्रदर्शनाच्या दुसऱ्या दिवशी कळला.

कशाकशाला नाही म्हटलं

पहिला प्रश्न आकाराचा. काकांकडे एचओ मापाची दोन जुनी इंजिनं होती. एचओ म्हणजे खऱ्याच्या सत्त्याऐंशीव्या भागाएवढं, रुळांतलं अंतर साडेसोळा मिलिमीटर. गाडी हातात भरते, म्हाताऱ्या डोळ्यांनाही दिसते. पण आपला नेहमीचा आयसीएफ डबा (चेन्नईच्या इंटिग्रल कोच फॅक्टरीच्या घडणीचा) साधारण २१.३ मीटर लांब. एचओमध्ये तो साडेचोवीस सेंटिमीटरचा होतो. असे डबे अठरा इंची वळणावर घातले की त्यांची टोकं रुळाबाहेर लोंबतात आणि गाडी वळते आहे की घसरते आहे ते कळत नाही. माझ्याकडचं माप एन: एकास एकशे साठ, रूळ नऊ मिलिमीटरचे. त्यात तोच डबा १३.३ सेंटिमीटरचा, आणि बारा फुटांत सहा डब्यांची गाडी गाडीसारखी दिसते. एन ठरलं. काका दोन दिवस थोडे गप्प होते.

रूळ काटो या जपानी कंपनीचे, युनिट्रॅक नावाचे. खडीसकट घडवलेले प्लॅस्टिकचे तुकडे, टोकाला टोक लावलं की 'टक्' होऊन बसतात. सरळ तुकडा २४८ मिलिमीटरचा, पाऊण वर्तुळाला सहा आणि पूर्ण वर्तुळाला आठ वाकडे तुकडे. हिशेब करायला कागद पुरतो, म्हणून मला ते आवडतात. आतलं वळण २८२ मिलिमीटर त्रिज्येचं, बाहेरचं ३१५चं, दोन रुळांत ३३ मिलिमीटर अंतर. बाहेरच्या वर्तुळाला खडीसकट ६५५ मिलिमीटर रुंदी लागते. दोन फुटी फळीत ते मावत नाही. प्लायचा आठ बाय चारचा ताव (बारा मिलिमीटर जाडीचा) आडवे दोन काप देऊन तीन सारखे भाग केले की प्रत्येक फळी चार फूट बाय दोन फूट आठ इंच होते. तीन फळ्या एकापुढे एक ठेवल्या की बरोबर बारा फूट. दुकानदारानेच कापून दिला, भुसा आम्ही मागून घेतला. एकेक फळी सातेक किलोची. ती लिफ्टमध्ये जाते, जिन्यातही वळते.

लांब बाजूला अकरा-अकरा सरळ तुकडे बसले. बाहेरच्या मार्गाची लांबी ७.४ मीटर, म्हणजे खऱ्या जगात जवळपास एक किलोमीटर दोनशे मीटर. ताशी साठ किलोमीटर वेगाने खरी गाडी जशी दिसेल तशी दाखवायची तर एका फेरीला एकाहत्तर सेकंद लागायला हवेत. ही गोष्ट मी भाच्याला तीन वेळा सांगितली. त्याचा अंगठा तरी रेग्युलेटरवर घड्याळाच्या दिशेनेच जात राहिला.

मग सांधे, म्हणजे गाडी एका रुळावरून दुसऱ्या रुळावर नेणारे तुकडे. साइडिंग हवं, यार्ड हवं, असं त्याचं म्हणणं. मी काटोचा चार नंबरचा सांधा टेबलावर ठेवला आणि त्याला पन्नास वेळा गाडी वरून न्यायला सांगितलं. अकराव्या वेळी मागचा डबा उतरला, तेविसाव्या वेळी इंजिन. या सांध्याची ही खोड एनवाल्यांना ठाऊक आहे. सरकत्या पट्टीचं टोक चाकाची कड पकडतं. कानशीने ते टोक थोडं घासलं तर सुधारतं, सहा नंबरचा सांधा वापरला तर बराच फरक पडतो. पण वीस तास सतत धावणाऱ्या गाडीखाली एकही सांधा नसणं हा सर्वांत स्वस्त उपाय होता. दोन स्वतंत्र वर्तुळं, शून्य सांधे. अनुभवी माणसं याला नाकं मुरडतील. मुरडू देत.

चढ हा काकांचा विषय. आम्ही बोर घाट करायचा ठरवला होता. डोंबिवलीचा माणूस पुण्याला जाताना तिथूनच जातो आणि कर्जतला मागून इंजिनं लागतात हे पोरांनाही माहीत असतं. घाटमार्ग १८६३ सालचा. त्याचा चढ सदतीसास एक. "मग तुझ्या पावणेतीन मीटरच्या सरळ भागावर सात सेंटिमीटर चढेल की गाडी," काका म्हणाले, आणि हिशेब बरोबर होता, चौऱ्याहत्तर मिलिमीटर. पण प्रत्येक जोडाखाली मापाचा ठोकळा, वर चढलेली गाडी दुसऱ्या बाजूने उतरवायची, आणि हे सगळं परक्या टेबलांवर चार तासांत. मी सपाटच ठेवलं. निदान मागून ढकलणारी इंजिनं तरी दाखवू, म्हणून काकांनी पुढे एक, मागे एक अशी दोन इंजिनं लावून पाहिली. एकाच व्होल्टेजला दोन इंजिनं सारखी पळत नाहीत. मागचं किंचित जलद होतं. पहिल्याच वळणावर मधले दोन डबे केळीच्या सालीसारखे बाहेर पडले. काकांनी काही न बोलता मागचं इंजिन उचलून डब्यात ठेवलं.

गोणपाट

डोंगर कसा करायचा यावर चर्चा झालीच नाही. दिवाळीचे किल्ले केलेल्या माणसाला डोंगर म्हणजे विटा, दगड, त्यावर लाल मातीत बुडवलेलं गोणपाट. थर्मोकोलच्या भानगडीत पडायचं नव्हतं. राज्यात २०१८च्या बंदीनंतर सजावटीसाठी ते वापरता येत नाही, आणि कापताना त्याचे उडणारे कण इंजिनाच्या दातेरी चाकांत गेले तर काढता काढता पुरेवाट होते. पहिल्या शनिवारी दोन पोती फाडली, पुठ्ठ्याच्या खोक्यांवर अंथरली, चिखलात बुडवून. दिसायला फर्मास. सह्याद्रीचा तो काळा-तांबडा रंग आपोआप आला.

पण सोमवारी संध्याकाळीही तो ओला होता. बुधवारी वाळला तो भेगा पडून, आणि वजन काट्यावर अकरा किलो. भाच्याने हलवून बघायला म्हणून उचलला तर खाली सतरंजीभर माती. मी मधाच्या बरणीचं झाकण घेऊन ती माती गोळा केली आणि सहज, फ्रिजवरचं लोहचुंबक एका पिशवीत घालून त्यातून फिरवलं. पिशवी बाहेर काढली तर तिच्या तळाला काळ्या बारीक कणांची मिशी उगवलेली. आपल्याकडचा दगड बेसाल्टचा. त्यात मॅग्नेटाइट असतं, दगड झिजून माती झाली तरी ते कण उरतात. एनच्या इंजिनात अंगठ्याच्या नखाएवढी मोटर, तिच्यात कायमचं चुंबक. वर पंखे गरगरत असताना ही माती रुळाशेजारी ठेवायची म्हणजे मोटरला वाळूचा घास भरवायचा.

म्हणून दुसऱ्या बुधवारी, प्रदर्शनाला तीन दिवस असताना, डोंगर पहिल्यापासून केला. सांगाडा पुठ्ठ्याच्या पट्ट्यांचा, टोपली विणतात तसा, स्टेपलरने. त्यावर जुनी वर्तमानपत्रं आणि मैद्याची खळ, तीन थर. काकांनी खळ शिजवताना चिमूटभर मोरचूद घातलं, बुकबाइंडर घालतात तसं, झुरळं लागू नयेत म्हणून. आणि ते पातेलं परत स्वयंपाकघरात जाऊ दिलं नाही. सर्वांत वर खाकी कागद, आधी चुरगळून घट्ट मुठीत दाबलेला. त्याच्या घड्या उजेडात कड्यासारख्या दिसतात. गेरू आणि काळा पोस्टर कलर पातळ करून वरून सोडला की घड्यांत गडद उतरतो, कंगोरे फिके राहतात. प्लाय कापणाऱ्याकडचा भुसा हिरव्या रंगात भिजवून वर्तमानपत्रावर वाळवला, तो गवत. भांडी घासायचा हिरवा स्क्रबर तोडून करवंदीच्या जाळ्या. पंख्याखाली एक रात्र, आणि सगळं मिळून दोन किलोच्याही आत. खाली बोगदा बासष्ट सेंटिमीटरचा, आतून सात सेंटिमीटर उंच, म्हणजे माझा हात जाईल इतका. आणि मागची बाजू पूर्ण उघडी. गाडी आत रुळावरून उतरली तर मागून हात घालून ती सरळ करायची, हा बेत.

कागदी खोळी

सर्वांत जास्त मजा इथे आली. आमची सगळी गाडी जपानी. भाचा म्हणाला, "मामा, तू घाट बोर घाटाचा करतोयस आणि त्यात गाडी टोकियोची सोडणार?" एन मापात दुकानातून उचलावा असा भारतीय डबा माझ्याजवळ नव्हता आणि घडवायला वेळ नव्हता.

मग आकडे बघताना एक योगायोग सापडला. जपानी एन माप एकशे साठ नसून एकशे पन्नास आहे. तिकडचा नेहमीचा डबा वीस मीटरचा. वीस मीटर भागिले दीडशे म्हणजे १३३ मिलिमीटर. आणि आपला २१.३ मीटरचा आयसीएफ डबा एकशे साठाने भागला तरी १३३. लांबी तंतोतंत. रुंदीत आपला डबा मिलिमीटरभर जास्त भरतो, आणि तेवढी जागा कागदाच्या दोन भिंती भरून काढतात. म्हणजे डबा रंगवायचा नाही, कापायचा नाही, उशीला घालतो तशी खोळ घालायची.

दोन संध्याकाळी भाच्याने संगणकावर डब्याची बाजू आखली. गडद निळा रंग, खिडक्यांवरून फिकट निळा पट्टा, गजांच्या खिडक्या, दारं, वर पत्र्याचं छप्पर. झेरॉक्सवाल्याकडून जाड कागदावर रंगीत प्रिंट, कडेच्या रेषेवर मागून सुई ओढून घडी, छपराखाली आतून एक चिकटपट्टी. पहिली खोळ अर्धा मिलिमीटर खाली आली आणि बोगीला, म्हणजे डब्याखालच्या चाकांच्या सांगाड्याला, घासली. गाडी दर वळणावर कुरकुरायची. कडेला कात्री लावली. सहा डब्यांना सहा खोळी, दोन जादा. इंजिन मात्र उघडंच राहिलं, जपानचं निळं-पिवळट ईएफ ६५. त्याला खाली दोन-दोन चाकजोड्यांच्या तीन बोग्या. काकांनी चष्मा वर करून मोजल्या. "आपल्या इंजिनाला दोन असतात, तीन-तीन जोड्यांच्या. हे ध्यान लोक ओळखणार." ओळखलं नाही कुणी. रूळ मात्र एकाने ओळखले. शनिवारी दुपारी पांढऱ्या सदऱ्यातले एक आजोबा बराच वेळ खाली वाकून पाहत होते आणि म्हणाले, "रूळ जरा जवळ वाटतात." आपला ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरचा, एकशे साठाने भागला की साडेदहा येतात आणि आमचे रूळ नऊचे. दीड मिलिमीटर त्यांच्या नजरेने पकडला. कुठे काम करत होता विचारलं तर म्हणाले, ट्रॅकवर, पस्तीस वर्षं.

शुक्रवार

टेबलं मांडववाल्याची होती, सहा फुटी दोन. आमच्या फळ्या चार फुटी तीन. हे मुद्दाम जुळून आलं नव्हतं, पण उपयोगी पडलं: टेबलांचा जोड सहा फुटांवर, फळ्यांचे जोड चार आणि आठ फुटांवर. गवंडी विटांचा जोड जोडावर येऊ देत नाही, तसंच. मधली फळी दोन्ही टेबलांना धरून बसली.

मात्र एक टेबल दुसऱ्यापेक्षा आठ मिलिमीटर बुटकं निघालं. डोळ्यांना ते दिसत नव्हतं. काकांनी पाणसळ ठेवली आणि बुडबुडा एका टोकाला पळाला. आठ मिलिमीटर म्हणजे एनच्या डब्याच्या चाकापेक्षाही जास्त. अशा जागी गाडी पडत नाही, पण तिचे डबे सुटतात. पुढचं इंजिन एकटंच घरी येतं आणि माणूस उगाच कपलिंगला दोष देत बसतो. पत्त्यांचा जुना कॅट बरोबर ठेवला होता. पायाखाली पानं सरकवत गेलो. सत्ताविसाव्या पानाला बुडबुडा मधोमध आला आणि मग चिकटपट्टीने तो गठ्ठा टेबलाच्या पायाला बांधला, कारण झाडूवाल्या मावशींना तिथे पत्ते का पडलेत हे सांगायला आम्ही सकाळी नसणार होतो. फळ्या बोल्ट आणि विंग नटने एकमेकींना आवळल्या. वरून हिरवं कापड, त्यावर मोकळे रूळ, फक्त चार ठिकाणी दोन्ही बाजूंनी चिकटणारी पट्टी.

वीज काकांची. मला वाटत होतं एका जागी दोन वायरी जोडल्या की झालं, आमच्या फरशीवर तसंच चालायचं. पण फरशीवरचं वर्तुळ छोटं असतं. इथे दोन्हीकडून पंधरा-पंधरा जोडांमधून वीज पार पलीकडे पोचेपर्यंत थकत होती. मल्टिमीटर लावला तर जवळ साडेआठ व्होल्ट असताना लांब टोकाला सात. गाडी समोरून डौलात जायची आणि मागच्या बाजूला लंगडायची. काकांनी टेबलाखालून जाड वायर नेली आणि प्रत्येक वर्तुळाला समोरासमोर दोन ठिकाणी जोडणी दिली. फरक अर्ध्या व्होल्टच्याही खाली आला. वायरींवर त्यांनी रंगीत टेप गुंडाळला, आतल्या मार्गाला पिवळा, बाहेरच्याला लाल, आणि एका कागदावर ते लिहून तो कागद टेबलाच्या खालच्या बाजूला चिकटवला. 'मी नसलो तर' असं शीर्षक होतं त्याला.

पुढच्या कडेला ओव्हरहेड वायरचे खांब म्हणून हिराच्या काड्या रोवल्या. 'मंकी हिल' अशी पिवळी पाटी. पावणेदहाला वॉचमन किल्ल्या वाजवत दारात उभा राहिला.

दोन दिवस

शनिवारी पहिले चाळीस मिनिटं सुरळीत. मग गाडी अडखळायला लागली. रुळावरून बोट फिरवलं तर काळं. माती आम्ही आणली नव्हती, पण हॉलचे पंखे वर्षभराची धूळ घेऊन फिरत होते आणि शेजारच्या बोन्सायवाल्यांच्या कुंड्यांत आमचीच लाल माती होती. आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) आणि सुती फडकं, दर दीड तासाने दोन मिनिटं गाडी थांबवून. चार इंजिनं आळीपाळीने, अर्धा तास काम, अर्धा तास आराम; हा आराम मोटर गार व्हायला लागतो. हिराचे खांब अकरा वाजेपर्यंत आडवे झाले. मुलं हात लावणारच. त्यांच्यासाठी आतल्या मार्गाचा रेग्युलेटर पुढे आणून ठेवला होता, त्याच्या बटणावर नेलपॉलिशचा लाल ठिपका. ठिपक्यापुढे नेलं की तुझी पाळी संपली. हा नियम मुलांनीच एकमेकांवर इतक्या कडकपणे लादला की भाच्याला बोलावंच लागलं नाही.

खरी अडचण दुपारी तीनला आली आणि ती जागेची होती. नकाशावर आमच्यामागे तीन फूट मोकळे होते, आम्ही तिथे उभं राहून बोगद्यात हात घालणार होतो. सकाळी आलो तेव्हा मधल्या वाटेत गर्दी होईल म्हणून कुणीतरी सगळी टेबलं भिंतीकडे सरकवली होती. सांगायला गेलो तर उत्तर मिळालं, "आता राहू दे, पाहुणे यायचेत." मागे वीतभर जागा. तीन वाजता बाहेरची गाडी बोगद्यात शिरली आणि सहा सेकंदांनी बाहेर यायला हवी ती आली नाही. समोर तीस-चाळीस माणसं. आत शिरायला मागून वाट नाही, पुढून डोंगर.

"उचल," काका म्हणाले. आम्ही दोघांनी दोन टोकं धरली आणि बोर घाट हवेत गेला. खाली गाडी, तिसरा डबा आडवा, त्याची कागदी खोळ एका बाजूने फाटलेली. एका मुलीने ओरडून विचारलं, "आत असं असतं?" आणि सगळी मुलं पुढे झुकली. डबा रुळावर ठेवला, जादा खोळ चढवली, डोंगर परत ठेवला. दीड मिनिट लागलं असेल. तिथून पुढे तासभर मुलं बोगद्यातून गाडी यायची वाट बघण्याऐवजी डोंगर पुन्हा कधी उचलणार हेच विचारत होती.

त्या रात्री घरी जाताना भाच्याने रिक्षात सुचवलं: डोंगर उलटा का ठेवत नाही? उघडी बाजू लोकांकडे. मला आधी ते पटलं नाही. इतकी मेहनत करून केलेला कडा भिंतीला दाखवायचा? शिवाय रूळ फळीच्या मागच्या कडेपासून नऊ-दहा सेंटिमीटरवर, म्हणजे फिरवलेला डोंगर मागे वीतभर बाहेर लोंबणार. पण रुळाला तो कुठेच चिकटलेला नव्हता, करून बघायला काही जात नव्हतं. रविवारी नऊला पोचलो, टेबलं हातभर पुढे ओढली (या वेळी विचारायच्या भानगडीत पडलो नाही), डोंगर फिरवला. लोंबणाऱ्या भागाखाली दोन खुर्च्या, खुर्च्यांवर वाचनालयाच्या ग्रंथपाल बाईंनी काढून दिलेले जुन्या दिवाळी अंकांचे बांधलेले गठ्ठे. उंची कमी पडली तेव्हा त्यांनी आणखी दोन वर्षांचे अंक आणले. बोगद्याच्या आतल्या बाजूला काळा कागद आणि एक छोटा पिवळा एलईडी लावला, बस.

आता गाडी उजेडातून अंधारात शिरायची, सहा सेकंद तिचे निळे डबे पिवळ्या उजेडात एकामागून एक सरकायचे, आणि पलीकडून इंजिन बाहेर यायचं. लोक बोगद्यासमोरच उभे राहायला लागले. कड्याच्या घड्या, भुशाचं गवत, करवंदीच्या जाळ्या हे सगळं भिंतीकडे तोंड करून होतं. तो कडा दिवसभर कुणी पाहिला नाही. मला थोडं लागलं, खरं सांगायचं तर. काकांनी मात्र रविवारी दुपारी रूळवाल्या आजोबांना परत आलेलं बघितलं आणि त्यांना हाताला धरून मागच्या फटीत नेलं, डोंगर दाखवायला. दोघं तिथे अंग चोरून पाऊण तास उभे होते. कानावर नागनाथ, ठाकूरवाडी अशी नावं येत होती आणि १९२९पर्यंत घाटात रिव्हर्सिंग स्टेशनवर इंजिन दुसऱ्या टोकाला लावून गाडी उलट दिशेने कशी काढायचे ते.

रविवारी बोगद्यात गाडी दोनदा उतरली. दोन्ही वेळा समोरूनच हात घालून ठेवली. पत्ते बांधलेला पाय कुणीतरी लाथाडला तेव्हा एकदा डबे सुटले. एक इंजिन संध्याकाळी सहाला गरम झालं ते परत चाललं नाही. घरी उघडलं तर आसाभोवती लांब केस गुंडाळलेला होता, बहुधा आमच्याच सतरंजीवरचा. आठला बंद केलं. रूळ सुटे करून खोक्यात, खोळी एका वहीच्या पानांत, फळ्या हत्तीत, अठ्ठेचाळीस मिनिटं. दिवाळी अंकांचे गठ्ठे बाईंनी मोजून घेतले.

फळ्या माझ्या पलंगामागे उभ्या आहेत. डोंगराला घरात जागा नव्हती, म्हणून तो वर्षभर काकांच्या माळ्यावर होता, मोरचूद घालूनही एका कोपऱ्याला उंदराने कुरतडलेला. दिवाळीच्या आधी इमारतीतली पोरं किल्ल्यासाठी गोणपाट मागायला आली तेव्हा काकांनी तोच खाली काढून दिला. त्यांनी माथ्यावर सिंहासन ठेवलं, भुशावर खरे अळीव पेरले, बोगद्याचं एक तोंड मातीने बुजवलं आणि दुसऱ्या तोंडाशी दोन मावळे उभे करून पाटी लावली: चोरदरवाजा.